बहिरू नाईकानं आग कशाला लावली?

आंबेकुंडच्या वरच्या वाडीतला कान्हू दोन गोष्टींसाठी पंचक्रोशीत ओळखला जाई. एक त्याचा आवाज. वाडीवरून त्यानं स्वतःच्या रेड्याला हाक मारली की खालच्या गावातली दोन-चार म्हातारी "आलो रं" म्हणून उठायची. दुसरी गोष्ट त्याचं डोकं. त्या डोक्यातून एकदा "न्हाई" बाहेर पडलं की मागं घालायची सोय देवानं ठेवली नव्हती.

आंबेकुंड म्हणजे कार्ल्याच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला टेकलेलं गाव. खाली पाटील-पंचांची कौलारू घरं, भाताची खाचरं आणि भैरोबाचं देऊळ. वर डोंगराच्या खांद्यावर कान्हूची वाडी. तिथली घरं कुडाची, शेतं उतरणीची, आणि माणसं वर्षातले बरेच दिवस खालच्यांच्या खाचरात वाकलेली. पण चैत्रात भैरोबाची जत्रा भरली की एका दुपारपुरती गोष्ट उलटी व्हायची. पालखी उचलायच्या आधी वरच्या वाडीचा डफ वाजायचा आणि वाडीच्या बहिरू नाईकाचा पवाडा व्हायचा. तो संपेपर्यंत पालखीला खांदा लागायचा नाही. पाटील असो, पंच असो, पटका सावरत उन्हात उभं राहायचं आणि वाडीकराचं गाणं ऐकायचं. असा हा मान होता. कान्हूच्या आज्यानं तो राखला, बापानं राखला, आणि बाप गेल्यावर डफ कान्हूच्या हातात आला.

पवाडा तसा सरळ होता. कुणाची तरी फौज वाड्या लुटायला निघाली, खिंडीपर्यंत आली, आणि बहिरू नाईकानं तलवार न उपसता तिला परत लावली. फौज कुणाची, साल कुठलं, हे पवाडा सांगत नसे आणि कुणी विचारत नसे. घोटाळा होता तो शेवटच्या कडव्यात.

"बारा वाड्यांचा बहिरू नाईक
आपल्याच हातानं लावली आग,
धुरातनं हासत घरला गेला
निवांत जेवला भाकर-साग, जी जी जी.
वैरी म्हनं, गाव जाळलं यानं,
लुटाया काई न्हाई ठेवलं माग.
खिंडीतनं फौज माघारी फिरली,
बहिरू नाईक रानाचा वाघ, जी जी जी."

आता यात गोची अशी, की नाईकानं गाव जाळलं, इथवर ठीक. मग तो घरला गेला तो कुठल्या घरला? आणि जळलेल्या गावात त्याला भाकर-साग, म्हणजे भाकरी-भाजी, वाढली कुणी?

यावर आंबेकुंडात बरीच विद्वत्ता खर्च झाली होती. कुणी म्हणे, नाईकाच्या बायका दोन होत्या, गावंही दोन होती. एक गाव जाळून तो दुसरीकडं जेवायला गेला. कुणी म्हणे, पेटत्या घराच्या निखाऱ्यावरच भाकरी भाजली, आयता जाळ कशाला वाया घालवायचा? भैरोबाच्या गुरवाचं मत पडलं, की नाईकाला त्या दिवशी जरा जास्त झाली असावी. कान्हूनं आपल्या पुतळाबाई आत्याला विचारून पाहिलं होतं. म्हातारी वाडीत सगळ्यांत जुनी. तिनं हातातला खराटाच उगारला.

"मुडद्या, पवाडा गायचा आसतो. त्येला सवाल करायचा नसतो. तुझ्या बापानं कदी इचारलं व्हतं?"

"न्हाई."

"मग तूच कुटला दीडशाना?"

कान्हूनं नाद सोडला. कडवं कळत नव्हतं, पण गाताना त्याचा आवाज तिथंच सगळ्यांत वर चढायचा.

गाडं बिघडलं ते एका जत्रेला. घाटात विजेवरची गाडी नुकती धावू लागली होती, त्या सुमाराची ही गोष्ट. जत्रेचे मुख्य पंच दत्तोबा. त्यांनी मुलीला इंदुरीला दिलेलं, आणि त्या वर्षी व्याही हौशीराम मोठ्या कौतुकानं जत्रेला आलेले. हौशीरामांना गाण्याची समज होती, निदान त्यांचा स्वतःचा तसा पक्का समज होता. कान्हूनं शेवटचं कडवं संपवून डफावर थाप मारली, आणि त्या शांततेत हौशीराम खदखदून हसले.

"काय व्याही! सोताचं गाव जाळनाऱ्याचा पवाडा देवाम्होरं गाता व्हय तुमी? आमच्याकडं आसल्याला भेकड म्हनत्यात. आन् त्याच्यासाठी पालखी खोळंबते!"

चारचौघं हसले. दत्तोबांचा चेहरा विड्याच्या पिंकेसारखा लाल झाला. व्याह्यापुढं मान खाली जाणं म्हणजे मुलीच्या बापाला काय वाटतं, हे मुलीच्या बापालाच ठाऊक. पालखी देवळात परतल्यावर त्यांनी कान्हूला पारावर बोलावलं.

"कान्हू, त्या कडव्याचा आर्थ काय?"

"ठावं न्हाई, दत्तोबा भाऊ."

"मग गातोस कशाला?"

"बाप गात व्हता म्हनून."

"ऐक. फुडल्या जत्रेला आर्थ सांग, न्हाईतर कडवं गाळ. दोनी जमत नसंल तर डफ घरी ठेव. व्याही इंदुरीचा शाहीर धाडायला तयार हायती. पेटीवाला."

कान्हूनं पाराखाली थुंकून घेतलं आणि सावकाश म्हणाला, "जे कळत न्हाई ते गाळायचं म्हनता? मग आधी भैरोबा गाळा, भाऊ. त्यो तरी कुनाला कळलाय?"

हे बोलणं जत्रा उठायच्या आत आसपासच्या वाड्यांवर पोहोचलं. दत्तोबांपर्यंत पोहोचवायची गरज नव्हती, ते समोरच होते.

वर्षभर कान्हू ते कडवं दाढेखाली धरून होता. गुरं राखताना रानात पुटपुटे, लाकडं फोडताना मनातल्या मनात म्हणे. उत्तर काही सापडेना. आणि सापडेना याचंही एक कारण होतं, ते त्याच्या लक्षात यायचं नव्हतं. वाडीतले बापे माघ सरला की लोणावळ्याला उतरायचे. मुंबईचे शेटलोक उन्हाळ्याला बंगल्यांवर यायचे. त्यांच्या पेट्या वाहायच्या, पाणी भरायचं, बाग शिंपायची. कान्हूचा बापही हेच करत आला. जत्रेच्या दिवसापुरतं घरी यायचं, पवाडा म्हणायचा, पुन्हा लोणावळा गाठायचा. त्या उन्हाळी दिवसांत वाडी बायकांच्या हाती असे, आणि ती कशी चालते हे बाप्यांना विचारलं तर ते म्हणत, "चालती की."

पुढच्या वर्षीही कान्हू लोणावळ्याला गेला. बंगला मोठा, शेट त्याहून मोठे, आणि शेटचा चिरंजीव दोघांच्या मधोमध. वयानं मिसरूड फुटलेलं, अंगानं भाताच्या कणगीसारखं. चिरंजिवांना रोज संध्याकाळी कड्यावरून दरी बघायची असे आणि चालायची मात्र सवय नसे. दिवाणजींनी कान्हूला फर्मावलं, "उद्यापासून धाकट्या शेटना पाठीवर घेऊन जायचं."

कान्हूनं चिरंजिवांकडं वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"ह्यांस्नी पाय न्हाईत का?"

"आहेत की. दुखतात."

"दिवाणजी, पेटी उचलीन, पानी भरीन, आजाऱ्याला खांद्यावर घिऊन पुन्याला बी जाईन. पर धडधाकट मानसाला पाठीवर घ्यायचं न्हाई. आमची पाठ म्हंजी तट्टू न्हवं."

"मग ती पाठ घेऊन घरी जा."

"चाललो," कान्हू म्हणाला आणि खरंच निघाला. ऐन हंगामातलं काम हातचं गेलं होतं, जत्रेला चार-आठ दिवस होते, आणि तिथंही हातचा मान जायचाच होता. पण चालताना माणूस कडवं म्हणत होता. उत्तर न सापडलेल्या माणसाला हट्टाचीच सोबत असते.

रेल्वेच्या कडेकडेनं चालत तो कार्ल्याच्या अलीकडं आला, खाचरांच्या बांधावरून डोंगराकडं वळला, आणि वर बघून जागच्या जागी थिजला. डोंगराच्या खांद्यावरून धूर उठत होता. एका जागचा नव्हे. इकडून, तिकडून, वाडीच्या ह्या अंगानं, त्या अंगानं. वारं पडलेलं, त्यामुळं धूर वर जाऊन तसाच लोंबत राहिलेला. घरं खांद्याच्या आड, खालून दिसत नव्हती. दिसत होता फक्त धूर.

"वाडी जळली!" कान्हू ओरडला. बायकोसाठी आणलेल्या चिक्कीची पुडी त्यानं कुठं टाकली ते त्यालाही पुढं सांगता आलं नाही. एक पायताण ओढ्यात राहिलं. करवंदीच्या जाळ्यांनी धोतराचा हिशेब केला. चढ चढता चढता त्यानं भैरोबाला बोकड कबूल केला, अर्ध्या चढावर दोन केले, आणि धुरात शिरताना "सावित्रा! सावित्रा!" करत गळा काढला.

"आवं, काय झालं? कुनी मेलं का काय?"

सावित्राबाई धुरातून बाहेर आली. तोंड काळं, पदर कमरेला खोचलेला, हातात लांब बांबू. मागं घरं जशीच्या तशी उभी होती. पलीकडं पुतळाबाई आत्या सूप घेऊन माती भुरभुरवत होती.

"वाडी... पेटली ना?" कान्हू धापा टाकत म्हणाला.

सावित्राबाईनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग त्याच्या एका अनवाणी पायाकडं पाहिलं, आणि बांबूवर रेलून इतकी हसली की शेजारच्या चार बायका बघायला आल्या.

"आगं बया, ऐका गं! कुनब्याच्या पोटचं पोर, आन् राब वळखीना!"

राब. पाऊस लागण्याआधी भाताच्या रोपांची जागा भाजून काढायची. हिवाळाभर तोडून ठेवलेला टहाळ, पालापाचोळा, शेण, गवत यांचे थर त्या तुकड्यावर अंथरायचे, वर माती पसरायची, आणि वारं पडलेलं बघून आग द्यायची. भडका उडवायचा नाही, नुसतं धुमसू द्यायचं. मावळात पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं काम. कान्हूनं लहानपणी पाहिलं असेल, पण कळता झाल्यापासून तो ह्या दिवसांत लोणावळ्यालाच होता.

"वारं पडलं म्हनून समद्या जनींनी आजच लावायला घेतलं," सावित्राबाई डोळे पुसत म्हणाली. "चला आता घरात. येवडं पळालात, भूक लागली आसंल."

मान खाली घालून कान्हू धुरातून घरात शिरला. तिनं त्याच्यापुढं नाचणीची भाकरी आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी ठेवली. दारातून धूर दिसत होता, बायकांचं हसू ऐकू येत होतं. कान्हूनं पहिला घास मोडला. तोंडाशी नेला. आणि तो हात तसाच राहिला.

"सावित्रा."

"आता काय?"

"नाईकानं गाव न्हाई जाळलं."

"कुन्या नाईकानं?"

ही दुसरी गंमत. सावित्राबाईनं कडवं कधी धड ऐकलंच नव्हतं. जत्रेत वाडीच्या बायका देवळामागं नैवेद्याच्या चुलीपाशी असत. तिथं भांड्यांचा आणि पोरांचा गलका एवढा, की डफ ऐकू येई, शब्द नाही. राब ज्यांच्या हातचा त्यांच्या कानी पवाडा नव्हता, आणि पवाडा ज्यांच्या तोंडी ते राबाच्या दिवसांत वाडीवर नव्हते. खालच्या गावालाही राब ठाऊक होता, पण पवाड्यात तो शोधावा असं कुणाच्या मनात आलं नाही. शूराची आग म्हणजे लढाईचीच असणार. रोजची कामं पवाड्यात थोडीच येतात?

कान्हूनं तिला कडवं म्हणून दाखवलं. गायलं नाही, नुसतं म्हटलं. ती चुलीपुढं बसून ऐकत होती.

"बारा वाड्यांचा राब एका दिसाला लावला आसंल त्येनं," ती म्हणाली. "खिंडीतनं काय दिसलं आसंल? तुमाला दिसलं तेच."

"आन् 'गाव जाळलं यानं' हे कोन म्हनतंय बघ. पवाडा न्हाई म्हनत. वैरी म्हनतोय!" कान्हू ताडकन उठला. भाजी सांडली. "आगं, वैरी फसला ते फसला, आमी बी त्याचंच खरं धरून बसलो! बाप बी, आजा बी! आत्ता जातो आन् दत्तोबाला सांगतो."

"बसा."

तो बसला. डोकं कान्हूचं असलं तरी त्या घरात 'बसा' हा शब्द सावित्राबाईचा होता.

"काय सांगनार? 'भाऊ, आर्थ घावला, आता गाऊ द्या' म्हनून?"

"मग?"

"मग मान त्येनी दिला आसं व्हईल. मान आपला हाय. दिवाणजीम्होरं पाठ वाकवली न्हाई ती दत्तोबाम्होरं कशाला वाकवता? न कळता गात व्हता तसंच गा. इचारलं तर सांगू नका."

कान्हूनं बायकोकडं असं पाहिलं, जसं त्यानं लग्नातही पाहिलं नव्हतं. मग सांडलेली भाजी भाकरीनं गोळा करून निवांत जेवला.

जत्रेच्या दिवशी एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेत आली. वाडीच्या बायका आल्या नव्हत्या. देवळामागची चूल थंड होती. दत्तोबांनी कान्हूला टोकलं, "काय रं, तुमची मंडळी रुसली का?"

"मला काय इचारता? मला कुठं सांगत्यात त्या," कान्हू म्हणाला, आणि हे अगदी खरं होतं. निघताना सावित्राबाई एवढंच म्हणाली होती, "तुमी गा. बाकीचं बायकांचं."

देवळापुढं मांडव घातलेला. मांडवात जाजम, जाजमावर पेटी, पेटीमागं इंदुरीचा शाहीर फेटा बांधून बसलेला. शेजारी हौशीराम लोडाला टेकलेले. कान्हू मांडवाबाहेर, पालखीसमोर उन्हात डफ घेऊन उभा राहिला. त्याचा आजा तिथंच उभा राहत असे.

दत्तोबा पुढं आले. "बोल. आर्थ सांगतोस का कडवं गाळतोस?"

"दोनी न्हाई."

"मग?"

"गातो."

"कान्हू, येवड्या लोकांत शोभा करू नगंस. डफ ठेव खाली."

"डफ देवाम्होरं हाय, भाऊ. ठेवायला सांगायचं तर देवानं सांगावं."

एक-दोन तरणे पुढं सरसावले. कान्हूनं थाप मारली. तो आवाज उठला आणि पुढं आलेले जिथल्या तिथं थांबले. सवयच होती त्यांना ह्या थापेला थांबायची. शाहिरानं पेटीचा भाता हलवून पाहिला, पण त्या आवाजापुढं पेटी म्हणजे मांजराचं पिल्लू. कान्हू गात सुटला. फौज निघाली, नदी ओलांडली, खिंडीशी आली. दत्तोबा दात खात उभे होते, आणि उभेच होते.

"बारा वाड्यांचा बहिरू नाईक, आपल्याच हातानं लावली आग..."

हौशीरामांनी हसायला तोंड उघडलं. नजर सहज डोंगराकडं गेली, आणि तोंड तसंच राहिलं.

"व्याही! आवं व्याही! त्ये बगा! तुमच्या डोंगरावरचं गाव जळतंय!"

सगळ्या जत्रेनं माना वळवल्या. खांद्यावरून धुराचे लोट उठत होते, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. दत्तोबा बघतच राहिले, आणि मग त्यांच्या तोंडून शब्द फुटले, "आरं देवा! वाडीकरांनी गाव जाळून घेतलं! त्या बायका! पळा रं, घागरी घ्या!"

पेढेवाल्याची घागर गेली, गुरवाची कळशी गेली. पैलवान लंगोटावरच धावले. पालखीपाशी उरला एकटा कान्हू, आणि तो थांबला नव्हता. धूर बघून त्याच्या लक्षात सगळं आलं होतं. आवाज हसण्यानं फुटत होता, तरी तेच कडवं घोळून घोळून गात होता.

धावणारे चढाच्या पहिल्या वळणावर पोहोचले, तर समोरून सावित्राबाई आणि तिच्यामागं वाडीच्या सगळ्या बायका उतरत येत होत्या. तोंडं काळी, डोक्यावर नैवेद्याच्या पाट्या.

"दत्तोबा भाऊ, घागर घिऊन कुटं निघालात?"

"वाडी... जळतीय ना?"

"वाडी कशाला जळंल? राब हाय. थोडा मागं ठिवला व्हता आमी." तिनं पाटी सावरली. "तुमाला काय वाटलं, गाव जाळलं?"

दत्तोबांनी घागर खाली टेकवली. खालून कान्हूचा आवाज येत होता, प्रत्येक शब्द सुटा. "वैरी म्हनं, गाव जाळलं यानं, लुटाया काई न्हाई ठेवलं माग." लंगोटातला एक पैलवान आधी हसला. मग त्याच्या शेजारचा. मग घागरीतलं पाणी सांडेपर्यंत सगळाच चढ हसू लागला. हौशीराम तेवढे हसले नाहीत. त्यांच्या हातात पेढेवाल्याची घागर होती आणि ती कुठं ठेवावी हे त्यांना सुचत नव्हतं.

मंडळी खाली आली तेव्हा वारा फिरला आणि सगळा धूर मांडवात शिरला. इंदुरीचा शाहीर खोकत खोकत पेटी घेऊन बाहेर पडला. त्या धुरातच कान्हूनं शेवटची जी जी जी ओढली आणि डफ खाली ठेवला, स्वतःच्या हातानं.

दत्तोबा डोळे चोळत पुढं आले. डोळे धुरानं लाल होते, असं धरायला हरकत नाही.

"कान्हू, तुला आर्थ ठावं व्हता."

"न्हाई सांगनार."

"आरं, आता कळला की आमाला!"

"मग मला कशाला इचारता? उचला पालखी. देव खोळंबलाय."

दत्तोबांनी पालखीला खांदा दिला. दुसऱ्या बाजूनं कान्हू सरकला. चालताना दत्तोबा दबक्या आवाजात म्हणाले, "फुडल्या साली जत्रेदिशी राब लावू नगा. मानसं घाबरत्यात."

"लावनार," कान्हू म्हणाला.

आणि लावतात. वरच्या वाडीत राबाचा एक तुकडा जत्रेसाठी राखून ठेवतात, डफाची पहिली थाप ऐकली की बायका त्याला आग देतात, आणि मगच खाली उतरतात. आता त्यांची जागा देवळामागं नाही, डफाच्या समोर आहे. लोणावळ्याला कान्हू परत गेला नाही. राब भाजायला शिकला, आणि सावित्राबाईच्या मते अजून नीट शिकलेला नाही. त्याच्या केसांची आता राख झाली आहे. जत्रेला नवखा पाहुणा येतो, शेवटचं कडवं ऐकून कपाळाला आठ्या घालतो आणि विचारतो, "आबा, ह्याचा आर्थ काय?"

कान्हू डफ तापवत असतो. मान वर करत नाही.

"सांगनार न्हाई," म्हणतो. "तुमाला पळता येतं का, तेवडं बघा."